कादरभाऊंच्या खुणा

कादरभाऊ कागदाला हात लावायच्या आधी हात धुवून यायचे. साबण लावून, थेट कोपरापर्यंत. मग गळ्यातल्या पंच्याने एकेक बोट पुसायचे, आणि दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पंख्याखाली धरायचे. कागद कसला, याच्याशी त्याचा संबंध नसे. बँकेची स्लिप असो की आमच्या ऑफिसातलं हजेरीपत्रक, हात धुतल्याशिवाय स्पर्श नाही. आलापल्लीच्या आमच्या वनोपज संघाच्या ऑफिसात नळाला दिवसातून एकदा पाणी यायचं, तेही तासभर. हिशेब बघणाऱ्या सुनंदाताई वैतागायच्या. "भाऊ, ड्रम भराचं पानी हाय ते. तुमचे हात धुताधुता आमचा चहा जाते."

"चहा एक दिवस नाई भेटला तं चालते बाई," कादरभाऊ म्हणायचे. "कागदावर तेलकट बोट उठलं, तं ते जन्मभर राहते."

अब्दुल कादर हे वनखात्याच्या आरेखन शाखेतून अनुरेखक म्हणून रिटायर झाले होते. अनुरेखक म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सर्व्हेअरने काढलेल्या मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने वरच्या कापडावर जशीच्या तशी उतरवायची. मग त्या कापडावरून अमोनियाच्या वासात निळ्या प्रती निघायच्या आणि साहेबलोकांच्या टेबलावर जायच्या. पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांनी एवढं एकच काम केलं. संगणक आला, नकाशे स्क्रीनवर गेले, आणि शेवटची काही वर्षं त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं गेलं.

रेघ ओढताना ते श्वास धरायचे. लांब नाला असला की चेहरा लाल व्हायचा. त्या वेळी त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी एकदा विचारलं, "भाऊ, चहा घेता का?" मी माझा चहा घेतला, त्यांच्या वाट्याचाही घेतला, कप धुऊन ठेवले. दहा-बारा मिनिटांनी पेन खाली ठेवून ते म्हणाले, "घेतो. बिनसाकरेचा."

आणखी एक गोष्ट आलापल्लीत सगळ्यांना माहीत होती. कादरभाऊंना जंगलाची भीती वाटायची. भामरागडपासून सिरोंच्यापर्यंतचे नाले, टेकड्या, पाणवठे त्यांना तोंडपाठ होते. जंगलाच्या कुठल्या कक्षाला लागून कुठला कक्ष आहे, ते डोळे मिटून सांगायचे. पण त्यातल्या एकातही त्यांनी पाय टाकला नव्हता. अस्वल, गोचीड, आणि अंगावर पडणारा कोळी, हा त्यांचा भीतीचा क्रम. त्यांचा भाचा मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवतो. तो दर ईदेला बोलवायचा, "मामू, एक बार टायगर देख लो." कादरभाऊ मला म्हणायचे, "मी त्याले पाहून काय करू बाबू? तो मले पाहाले कधी आलापल्लीले आला का?"

मी मूळचा कोरपन्याचा. वडील सिमेंट कारखान्यात होते. घराच्या कौलांवर, तुळशीवर, आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर राखाडी थर बघत मी वाढलो. शिक्षण संपवून इकडे आलो तो वनोपज गोळा करणाऱ्या बायकांच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून. सहा गावं, मोहा, हिरडा, चारोळी, लाख, डिंक. बायका माल आणायच्या, आमच्या केंद्रावर तो मोजला जायचा आणि चिठ्ठी मिळायची. अडचण अशी होती की चिठ्ठीवर काय लिहिलंय, ते बहुतेकींना वाचता येत नव्हतं. त्यांना अक्षरं नको होती, चित्रं हवी होती. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक रिटायर ट्रेसर राहतो, असं सुनंदाताईंनी सांगितलं. मी गेलो. ते ओसरीवर बसून नातीच्या वहीला कव्हर घालत होते. "चित्रकार नाई मी," ते म्हणाले. "दुसऱ्यानं काढलेलं उतरवतो. तुमच्यापाशी मूळ आहे का?"

मूळ नव्हतं. तरी ते आले.

पहिल्यांदा त्यांनी मोहाचं फूल काढलं ते खात्याच्या वनस्पतीच्या पुस्तकातून. अप्रतिम होतं. प्रत्येक पाकळी, प्रत्येक शीर. एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या वाटेवरच्या गावात आम्ही तो कागद नेला. बायका गोळा झाल्या. त्यांच्यात रैनीबाई होती. पन्नाशीची, उंच, दातात कायम काहीतरी चघळणारी. केंद्रावर तिचा शब्द चालायचा. तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे काय होय जी? कांदा?"

बायका इतक्या हसल्या की एकीच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. कादरभाऊ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कागद परत घेतला, घडी न घालता फाईलमध्ये ठेवला आणि विचारलं, "तुम्ही मोहा वेचाले कवा जाता बाई?"

"कोंबडा बांग दे तवा."

"मंग मी येतो."

आणि ते आले. एप्रिल महिना, पहाटेची वेळ. पँटचे पायचे मोज्यात खोचलेले, डोक्याला पंचा घट्ट बांधलेला, हातात काठी, खिशात कापूर. जीपमधून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं ते माझा दंड धरून उभे होते. मग हळूहळू सोडला. झाडाखाली पोत्यावर बसले आणि दोन तास त्यांनी काही काढलं नाही, फक्त बघत राहिले. रैनीबाई वाकून वेचता वेचता म्हणाली, "वर काय पाह्यता? मोहा झाडावर कोनी पाह्यते का? खाली पाहा."

त्यांनी खाली पाहिलं. जमिनीवर फुलं पडलेली, टोपलीत फुलं भरलेली. त्यांनी टोपली काढायला घेतली. तिच्या काठातून बांबूची एक काडी सुटून बाहेर आली होती, अशी तिरपी. मी म्हटलं, "टोपली जरा फिरवून ठेवू का?"

रैनीबाईच बोलली. "काऊन? मोडली तं मोडली. माही टोपली तशीच हाय."

कादरभाऊंनी काडी काढली.

खरा घोळ पुढे झाला. ओला मोहा आणि वाळलेला मोहा यांचा भाव वेगळा, म्हणून खूणही वेगळी हवी. कादरभाऊ या चित्रांना खुणाच म्हणायचे, नकाशातल्यासारखं. वाळलेलं फूल सुरकुतलेलं काढलं, तर बायका म्हणाल्या हा मनुका. चटईवर पसरलेलं काढलं, तर म्हणाल्या धान. चार दिवस ते रोज येत होते. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाले कसं समजते वाळला म्हणून?"

रैनीबाईने पोत्यातून मूठभर मोहा घेतला, कानाजवळ नेला आणि मूठ हलवली. खुळखुळ आवाज आला. तिने तीच मूठ कादरभाऊंच्या कानाशी नेली. "आयका. वाळला मोहा बोलते. वला बोलत नाई."

कादरभाऊ बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग तिला म्हणाले, "बाई, हात तसाच ठेवा. हलू नका." आणि श्वास धरला.

कानाशी धरलेली मूठ. ही वाळलेल्या मोहाची खूण झाली. ओल्या मोहासाठी ती काडी सुटलेली टोपली. अशा अकरा खुणा तयार झाल्या. प्रत्येक खुणेची परीक्षा ते स्वतः घ्यायचे. जिने ती आधी पाहिलेली नाही अशी म्हातारी शोधायची, तिला पाच पावलांवर उभी करायची आणि विचारायचं. ती चुकली, की पत्र्यावरचं चित्र रॉकेलच्या फडक्याने पुसून पुन्हा पहिल्यापासून. हिरड्याची खूण त्यांनी सात वेळा पुसली, मग बुधरीबाई नावाच्या बाईने सांगितलेली टिकली. शेवटी सहाही गावांच्या केंद्रांवर पत्र्याचे फलक लागले आणि ते कोणाला वाचून दाखवावे लागले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी शहरातली एक कंपनी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. दोन तरुण होते, चांगले बोलणारे, आमच्याबरोबर खाली बसून जेवणारे. त्यांनी फोनवरचं ॲप करून दिलं. केंद्रावरच्या बाईने माल मोजायचा, फोनवरच्या चित्रावर बोट ठेवायचं, वजन टाकायचं, झालं. चित्रं कादरभाऊंचीच. त्यांनी मूळ कागद त्या तरुणांच्या हाती दिले आणि एवढंच सांगितलं, "रंग कोणताही भरा. रेघ नका बदलू."

रेघ त्यांनी बदलली नाही.

दोन हंगाम ॲप छान चाललं. मग कंपनीचा इकडचा रस संपला. फोन उचलेनात, बिघाड झाला तर आठवडा आठवडा तसाच. शेवटी चंद्रपूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या मुलांकडून नवं ॲप करून दिलं. चित्रं तीच ठेवली, कारण बायकांची बोटं त्याच चित्रांना सरावली होती. तीन महिन्यांनी त्या जुन्या कंपनीची नोटीस आली. जाड कागद, इंग्रजी मजकूर. अकरापैकी चार चित्रांची डिझाइन म्हणून आमच्या नावावर नोंदणी झालेली आहे, ती वापरणं ताबडतोब थांबवा, नाहीतर कोर्टात खेचू. सोबत नोंदणीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती जोडल्या होत्या.

मी तो कागद घेऊन कादरभाऊंच्या घरी गेलो. त्यांनी हात धुतले. प्रमाणपत्राच्या प्रतीवर चित्राच्या आकृत्या छापल्या होत्या. त्यांनी पहिली आकृती डोळ्यांजवळ नेली. साखरेच्या आजाराने तेव्हाच त्यांची नजर उतरायला लागली होती.

"चांगलं छापलं आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काडीबी हाय."

"भाऊ, हे चोरी आहे."

"चोरी काऊन? मीच तं देल्लं होतं." कागद माझ्याकडे परत करत ते म्हणाले, "पर बाबू, याचं पेटंट होते? कानाले हात लावाचं पेटंट?"

चंद्रपूरच्या वकील सुषमाताईंनी आम्हाला समजावून सांगितलं. याला पेटंट म्हणत नाहीत, डिझाइनची नोंदणी म्हणतात. फोनच्या पडद्यावरचं छोटं चित्रसुद्धा लोक असं नोंदवून घेऊ पाहतात. पण नोंदणीच्या आधी ते डिझाइन कुठे लोकांसमोर आलेलं असेल, तर ते नवं राहत नाही, आणि नोंदणी रद्द करून मागता येते. त्यासाठी कोलकात्याच्या कार्यालयात अर्ज करावा लागेल. फलक कधीपासून लागलेत, याचे पुरावे हवेत. वेळ लागेल. "किती?" मी विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला.

लढायचं की नाही, यावर संघाच्या बायकांची बैठक झाली. बहुतेकींना त्यात दम दिसला नाही. रैनीबाई म्हणाली, "चित्र गेलं तं जाऊ द्या. मोहा थोडीच घेऊन गेला तो." ती चार चित्रं आम्ही ॲपमधून काढली, फलकांवर पांढरा रंग फासला. त्यांच्या जागी इंटरनेटवरून घेतलेली फुलं आणि पानं आली. सुंदर, गुळगुळीत.

त्या हंगामात एका दुपारी मी आणि कादरभाऊ केंद्रावर होतो. चैती नावाची एक बाई आली होती. नवरा गेलेला, घरात सासू. तिने वीस दिवस वाळवलेला मोहा आणला होता. मोजणारीने नव्या चित्रांत गोंधळून तो ओल्या मोहात टाकला. चूक लक्षात आली तेव्हा व्यापाऱ्याची गाडी दोन्ही माल एकत्र करून निघून गेली होती. आम्ही तिला सांगत होतो की नोंद दुरुस्त होईल. ते खरंही होतं, पुढच्या आठवड्यात झाली. पण चैतीला ते पटत नव्हतं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी वाजवून पाह्यलं होतं जी. बोलत होता." पोत्याला टेकून ती तिथेच बसून राहिली. घरी जायला उठेना.

परतीच्या जीपमध्ये, आलापल्ली आली तेव्हा कादरभाऊ म्हणाले, "सुषमाबाईले फोन लाव. मी सही देतो."

अर्ज संघाच्या नावाने जायचा होता; कादरभाऊंनी सही द्यायची होती ती सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर. चित्रं मी अमुक साली काढली, अमुक ठिकाणी फलक रंगवले, असा मजकूर. चंद्रपूरला सुषमाताईंच्या ऑफिसात त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "यात रैनीबाई नाई."

"त्यांची गरज नाही, काका," सुषमाताई म्हणाल्या.

"मी अनुरेखक आहे. मी उतरवतो. मूठ कानाशी तिनं नेली. टोपली तिची. हिरड्याची खूण बुधरीबाईनं सांगतली. त्यायचे नावं टाका."

सुषमाताई चांगल्या बाई. दिवसभर कोर्टात उभ्या राहून आल्या होत्या. तरी त्यांनी शांतपणे समजावलं. "आपलं म्हणणं एवढंच आहे की हे आधीपासून लोकांसमोर होतं. कोणी काढलं, हा प्रश्नच नाही. आपण स्वतःहून पाच नावं घातली, तर समोरचा वकील त्यातच गुंतवून ठेवील. यांचं यांनाच ठरत नाही म्हणेल. मग आणखी एक वर्ष."

"मंग खरं लिवाले भेव कायचं?"

"भीती नाही काका. उशीर."

बाहेर कोळशाच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग कागदात नाई, तं बोलताना तरी सांगसान?" सुषमाताई म्हणाल्या, प्रयत्न करीन. कादरभाऊंनी सही केली. पेन ठेवलं, उठून मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

पुढची तीन वर्षं कशी गेली, ते सांगण्यासारखं काही नाही. तारीख मिळायची, पुढे जायची. कंपनीचं उत्तर आलं, त्याला आमचं उत्तर गेलं. फलकांचे फोटो मागवले, फोटोंवर तारीख नाही म्हणाले. मग गावातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत मांडवामागे आमचा फलक दिसतो, असं कोणीतरी सांगितलं. ते नवरा-नवरी शोधत मी दोन तालुके फिरलो. कादरभाऊ प्रत्येक तारखेला यायचे. त्यांची गरज नसायची, सुषमाताई तसं सांगायच्याही. पण ते पहाटेच्या एसटीने चंद्रपूरला सुषमाताईंच्या ऑफिसात यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, आणि पुढची तारीख ऐकून परत निघायचे. त्यांची बायको, नूरभाभी, मला एकदा रागाने म्हणाली, "इनकी आँखें जा रही हैं, और तुम लोग इनको चंद्रपूर घुमा रहे हो." मीही तेव्हा थकलो होतो. संघाचं निम्मं काम बाजूला ठेवून चार चित्रांमागे फिरतो आहे, असं मलाच वाटायचं.

शेवटची सुनावणीही सुषमाताईंच्या ऑफिसातच झाली, स्क्रीनवर. पलीकडे कोलकात्याचे अधिकारी, एका चौकोनात कंपनीचे वकील. ते म्हणत होते की टोपली काय, कान काय, सर्वसाधारण कल्पना आहेत, दोघांना आपापल्या सुचू शकतात. आमच्या कंपनीच्या चित्रकाराने ती स्वतंत्रपणे रचली. अधिकाऱ्यांनी दोन्ही चित्रं शेजारी लावायला सांगितली. थोडा वेळ बघून त्यांनी हिंदीत विचारलं, टोपलीच्या काठावर ही तिरपी रेषा कशासाठी आहे?

कंपनीचे वकील म्हणाले, सौंदर्यासाठी.

कादरभाऊ आमच्या मागे बसले होते. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. पण ते उठले. "साहब, टोकरी टूटी हुई थी."

"कौन बोला?"

सुषमाताईंनी घाईघाईने माफी मागितली, हे आमचे प्रतिज्ञापत्र देणारे आहेत म्हणाल्या. अधिकारी वयस्क होते. म्हणाले, बोलने दीजिए.

कादरभाऊ स्क्रीनच्या अगदी जवळ गेले, इतके की पलीकडे त्यांचं नुसतं कपाळ दिसत असणार. "साहब, मैंने छत्तीस साल नकल करने का काम किया. सही लकीर तो कोई भी निकाल लेता है. नकल पकड़ी जाती है गलती से. वो टोकरी रैनीबाई की है. उसकी एक काड़ी टूटी थी. जिसने वो टोकरी नहीं देखी, वो ये काड़ी क्यों निकालेगा?"

मग अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, ठीक आहे म्हणाले, आणि पुढचा मुद्दा घेतला. कादरभाऊ खुर्चीवर येऊन बसले. सुषमाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांना लगेच दिसला नाही.

निकाल यायला आणखी काही महिने गेले. चारही नोंदण्या रद्द झाल्या. सुषमाताईंचा फोन आला तेव्हा मी केंद्रावरच होतो. बायकांना सांगितलं. त्या मान हलवून पुन्हा कामाला लागल्या. रैनीबाई म्हणाली, "मंग आता पुन्हा जुने चित्र शिकाचे का? आताच तं नवे पाठ झाले." तिचं बरोबर होतं. तीन हंगाम गेले होते. तरुण सुना आता ॲपला बोलून माल सांगायच्या, चित्रांकडे बघतही नव्हत्या. आम्ही कानाशी धरलेली मूठ तेवढी परत घातली. बाकीची तीन तशीच राहिली.

"आणि तुझं नाव घेतलं होतं कादरभाऊंनी, कोलकात्याच्या साहेबासमोर," मी तिला सांगितलं.

तिला हसू आलं. "माह्या नावाचं काय करते तो?"

निकालाची प्रत घेऊन मी कादरभाऊंकडे गेलो. दुपार होती. ते ओसरीवर खाटेवर पडले होते. मी आल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. नूरभाभीने उठवून बसवलं. ते आत गेले, हात धुवून आले, भिंतीला धरत धरत. मी त्यांना निकालाचा अर्थ सांगितला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता खुणा संघाच्या नावावर झाल्या?"

"नाही भाऊ. आधीच सगळ्यांसमोर आल्या होत्या, म्हणून त्या आता कोणालाच नावावर करता येत नाहीत. कंपनीला नाही, आपल्यालाही नाही."

"कोनाच्याच नाई?"

"कोणाच्याच नाहीत."

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांना ते खरोखर आवडल्यासारखं वाटलं. मग कागद चाचपत म्हणाले, "रैनीबाईचं नाव आलं का याच्यात?"

मी सोळा पानं आदल्या दिवशीच वाचली होती. त्यात संघाचं नाव होतं, कंपनीचं होतं, दोन्ही वकिलांची होती. लग्नाचा व्हिडिओ होता. काठातून बाहेर आलेल्या पट्टीसारख्या रेषेचा एक परिच्छेद होता. रैनीबाई कुठेही नव्हती.

"आलं," मी म्हटलं.

"कुठी?"

त्यांनी कागद मांडीवर सपाट केला आणि बोट पुढे केलं. मी ते बोट धरून अकराव्या पानावर, मधल्या एका ओळीवर ठेवलं. तिथे मागच्या कुठल्यातरी निकालाचा हवाला होता. ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, नाक कागदाला टेकेल इतके जवळ गेले. मग बोट ओळीवरून हळूच डावीकडून उजवीकडे नेलं. श्वास धरला होता त्यांनी.

"इथीच?"

"हो, इथंच."

"लहान अक्षर आहे," ते म्हणाले, आणि नूरभाभीला चहा टाकायला सांगितलं.

ते खोटं माझ्या मानेवर बसलं. एवढ्या खऱ्या माणसाशी बोललेलं, आणि तेही त्याला दिसत नाही म्हणून. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पावसाळा गेला. दिवाळीनंतर एकदा एटापल्लीहून परत येताना मी मनाशी नक्की केलं की आज त्यांच्या घरी थांबायचं आणि सांगून टाकायचं.

आलापल्लीच्या चौकात लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती. आमची जीप त्यात अडकली. समोर बघतो तर रस्त्याच्या कडेला कादरभाऊ उभे होते. एकटेच. हातात औषधांची पिशवी, गळ्यात पंचा, अंगावर लाल धूळ. त्यांना ट्रक दिसत नसावेत, आवाजावरून अंदाज घेत होते. एक पाऊल पुढे टाकायचे, मागे घ्यायचे. एक हात त्यांनी छातीइतका वर धरला होता, थांबा म्हणावं की नाही, असा. एक ट्रकवाला थांबला. कादरभाऊंनी त्याच्या दिशेने मान लववली आणि लहान लहान पावलं टाकत पलीकडे गेले. पलीकडच्या पानठेल्याचा खांब हाताला लागल्यावर क्षणभर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, रस्ता पार केल्याचं. मग गल्लीकडे वळले.

ड्रायव्हर म्हणाला, "कादरभाऊ होय ना जी? थांबवू का?"

मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"राहू दे," मी म्हटलं. "चल."

त्याच हिवाळ्यात ते गेले.